रायफलीच्या पोटातलं तूप

रायफलीला तूप मी पाजलं, दुसऱ्या कोणी नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या घरात संशय घ्यायला माणसं तरी किती? मी पद्मा, माझे यजमान नरहर, धाकटे दीर गोपीनाथ आणि आमची एकुलती एक ऋता. गोठ्यात कस्तुरी म्हैस. तिचा यात काही दोष नव्हता, भोगावं मात्र तिलाही लागलं.

आम्ही वरुणा नदीपलीकडे राहतो. इथे अजून भाजीची वावरं आहेत, पेरूच्या बागा आहेत आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. यजमानांचं काम मात्र गंगेवर. पहाटे सायकल काढून ते मंगला गौरीच्या देवळाजवळच्या घाटावर जातात, महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंची श्राद्धं, तर्पणं उरकतात आणि उन्हं डोक्यावर आली की परततात. गोपीनाथ भावजी रेल्वेच्या कारखान्यात फिटर. लग्न केलं नाही, म्हणतात इंजिनांशीच लागलं. म्हशीचं सगळं माझ्याकडे. धार काढायची, कडबा कापायचा, शेण काढायचं, दूध घरोघर पोचवायचं.

ऋता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आणि विद्यापीठाच्या रेंजवर नेमबाजी करते. दहा मीटरवरची, छऱ्यांची, हवेच्या दाबाची रायफल. आमचा गोठा चार म्हशींचा, म्हैस आता एकच. गव्हाणीपासून पलीकडच्या भिंतीपर्यंत नेमके दहा मीटर भरतात, म्हणून घरचा सराव गोठ्यात. भिंतीला पोत्यात भुसा भरून लटकवलाय, त्यावर कागदी निशाण. कस्तुरीला त्या आवाजाची इतकी सवय झालीय, की सराव नसला त्या दिवशी ती दूध चोरते.

रायफल जुनी, परदेशी, तिसऱ्या हाताची. बाजूला दांडी. ती मागे ओढली की आतली स्प्रिंग दबते. रेंजवरच्या इतर मुलींकडे गॅसच्या नळकांड्याच्या नव्या रायफली. तरी गेल्या वर्षी ऋता पाचवी आली. संघात घेतात चार. यंदा दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी निवड होती आणि तिची ती शेवटची. निवड झाली तर विद्यापीठाची नवी रायफल, बाहेरगावचे सामने, पुढे कुठे नोकरीचा दरवाजा. नाही झाली तर बी.ए. होऊन घरी, आणि घरी म्हणजे आत्यांनी आणलेली स्थळं. तीन तर आलीही होती.

यंदा भाद्रपदात गंगा फुगली आणि वरुणा उलटी वाहून दोनदा आमच्या घरात आली. रायफल माळ्यावर, भुशाच्या पोत्यांत. पाणी ओसरलं, पण ओल हटेना. मिठाला पाणी सुटलं, पुस्तकांना बुरशी आली आणि रायफलीच्या नळीवर तांबूस ठिपके उठले. ऋता रोज ते फडक्याने घासायची आणि रोज नवे उठायचे. मी मात्र पूर येण्याआधीच विळीला तूप फासून ठेवलं होतं, तिच्यावर एक ठिपका नाही. इथे माझ्या डोक्यात किडा शिरला.

खंडेनवमीला आमच्याकडे जे जे काम करतं त्या सगळ्याची पूजा. विळी, कोयता, कडबा कापायच्या मशीनचं पातं, भावजींचे पाने. यजमानांनी सकाळी जाताना बजावलं होतं, "रायफलीला फुलाने पाणी शिंपड, गंध लाव, बस्स." मी हो म्हटलं. पण पाटावर मांडून बघितलं तर माझं मन मानेना. विळीला स्नान, पान्यांना स्नान आणि जिच्यावर पोरीचं सगळं उभं, तिच्यावर नुसतं फूल? मी पंचामृत केलं. दही वगळलं, दह्याने लोखंड गंजतं एवढं मलाही कळतं. दूध, मध, साखर लावून ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून काढलं. मग रायफल देव्हाऱ्याशी उभी केली आणि नळीच्या तोंडातून चमचाभर पातळ तूप सोडलं. आतून गंज लागू नये म्हणून. करायला गेले गणपती, झाला मारुती.

दसऱ्याच्या सकाळी ऋता गव्हाणीशी उभी राहिली. दांडी ओढली, छर्रा घातला, गाल टेकवला. एरवी तिच्या रायफलीचा आवाज म्हणजे अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. त्या दिवशी असा धडाका झाला की कस्तुरीने दावं तोडलं आणि शेणाची पाटी उलथवत अंगणात धूम ठोकली. नळीतून निळा धूर निघाला. गोठाभर तुपाच्या फोडणीचा वास.

"काका! जल्दी या!" ऋता ओरडली.

भावजी दाढीचा साबण तसाच घेऊन आले. दांडी ओढून बघितली. ती मेल्यासारखी सैल आली आणि आत काहीतरी खळखळलं. त्यांनी नळीला नाक लावलं, माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, आत फोडणी कुणी दिली?"

"का? काय झालं?"

"आत हवा दाबली की ती तापते. तेलतूप असलं की भडकतं. स्प्रिंग तुटली. हवा अडवणारा चामड्याचा वायसर जळाला असणार."

ऋता हळूच म्हणाली, "आई, तूने?"

"हो. मीच."

"कितना?"

"चमचाभर." ती बघतच राहिली. मी म्हटलं, "दोन चमचे."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रायफल पाटावर ठेवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "दहा दिवस आहेत, आई. फक्त दस दिन. मिस्त्रीकडे पाठवली तर तीन आठवडे लागतात. आणि घरी उघडली तर आमच्या कोच मॅडम संघातून काढतात. मागच्या साली एकीला काढलं, सबके सामने." एवढं बोलून ती घराबाहेर पडली. आपट्याची पानंही घेतली नाहीत.

यजमान दुपारी आले, ऐकलं. म्हणाले, "मी फूल म्हणालो होतो." मग जेवले आणि झोपले. माझा एवढा संताप झाला, की त्या रागात मी अख्खा गोठा दोनदा धुतला. राग त्यांच्यावर नव्हता, माझाच माझ्यावर होता, आणि तो काही शेणाबरोबर वाहून जात नाही. संध्याकाळी भावजींना म्हटलं, "उघडा. बिघडवली मी, दुरुस्तही इथेच करू. मॅडमचं मग बघू."

"उघडू या की," भावजी म्हणाले. "तीस वर्षं इंजिनं उघडतोय. ही तर त्यापुढे चिमणी."

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आल्यावर त्यांनी गोठ्यात पोतं अंथरलं, लाकडी दस्ता काढला आणि मागची खीळ ठोकायला घेतली. खीळ म्हणजे करंगळीच्या पेराएवढी पोलादी काडी. तिनेच आतला सगळा दाब अडवून धरलेला. भावजींना वाटलं, स्प्रिंग तुटलीय म्हणजे जोर गेला. पण तुटलेल्या अर्ध्या भागातही तिचा जीव होता. खीळ निघाली मात्र, आणि सण्णकन मागचं बूच त्यांच्या कानाजवळून गेलं, दुधाच्या कॅनला पोचा पाडून थांबलं. स्प्रिंगचा तुकडा त्यांच्या भुवईवर बसला. रक्त नाकापर्यंत आलं.

"चिमणी," मी हळद दाबत म्हटलं.

"चोच आहे तिला," ते म्हणाले.

हसू आलं, पण पुढच्या क्षणी जिरलं. खीळ सापडेना. पोत्यावर नाही, जमिनीवर नाही. ती उडाली होती गव्हाणीकडे, आणि गव्हाणीत मी नुकताच कापलेला कडबा ओतला होता. कस्तुरी मिटक्या मारत खात होती. म्हशीच्या पोटात लोखंड गेलं की ती जाते. आमच्या शेजारच्या अहिरांची अशीच गेली होती, एका तारेपायी. मी धावत जाऊन तिचं तोंड धरलं, बोटं घालून गाल तपासले. तिने रागाने माझ्या अंगभर लाळ उडवली.

मग गव्हाण रिकामी केली. दोन पोती कडबा. बॅटरी लावून बघण्यात अर्थ नव्हता, मी सूप आणलं. धान्य पाखडावं तसा मूठमूठ कडबा पाखडू लागले. हलकं पुढे उडतं, जड मागे राहतं, यात कुठे शाळा शिकावी लागत नाही. यजमान चष्मा लावून सुपाशी बसले. नाकातोंडात धूळ, मानेवर कुसळं. तासभराने सुपात 'टिण्' वाजलं. यजमानांनी खीळ उचलून कपाळाला लावली. मी म्हटलं, "लावा, लावा. फुलाने नका शिंपडू काही."

शनिवारी भावजींनी सुट्टी घेतली आणि आम्ही दोघं शहरात एका बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा, पान खाणारा. काउंटरवर तीन गिऱ्हाइकं. त्याने आमचं बूच, जळका वायसर, स्प्रिंगचे तुकडे कागदावर मांडले, बोट फिरवलं आणि बोटाला चिकट लागलं म्हणून जिभेला लावलं.

"ई का है चाची? मीठा है."

माझं पुसणं किती स्वच्छ होतं ते कळलं.

"शहद है," भावजी म्हणाले. "नवमी की पूजा में लग गया."

गिऱ्हाइकं हसली. दुकानदाराने पानाची पिचकारी बाहेर टाकली आणि सावकाश आत येऊन म्हणाला, "चालीस बरस से दुकान पर बइठे हैं. गोली से बिगड़ी बंदूक देखे, जंग से बिगड़ी देखे. परसाद से बिगड़ी आज पहली बार देखे." तिघं अजून मोठ्याने हसली. एकाने फोन काढून तुकड्यांचा फोटो घेतला. माझे कान तापले. पण गरज आपली होती. अडला हरी, गाढवाचे पाय धरी.

"स्प्रिंग मिलेगी?" मी विचारलं.

"असली त ना मिली. गुब्बारे वाली बंदूक का है, तनी मोटा, तनी लंबा. काट के बैठा लीजिए. वायसर ना मिली. चमड़े का वायसर अब के बनावेला?" म्हणजे फुगे फोडायच्या बंदुकीची स्प्रिंग होती, जराशी जाड, जराशी लांब; चामड्याचा वायसर मात्र आता कुणी करत नाही.

"हम बनाएँगे."

"आप?"

"हाँ, हम."

परतताना ऑटोत मी भावजींना म्हटलं, "तो वायसर म्हणजे काय, सोऱ्याचा दट्ट्याच ना? दट्ट्या नळीत घट्ट बसला तरच चकली पडते. सैल असला की पीठ वरून येतं. इथे पिठाऐवजी हवा."

भावजी म्हणाले, "वहिनी, तीस वर्षांत आमच्या कारखान्यात कुणी इतकं सोपं सांगितलं नाही." मला बरं वाटलं. खोटं का बोलू?

चामडं कुठून आणायचं हा प्रश्न होता. भावजी त्यांचे जुने बूट कापायला निघाले, पण त्याचं कातडं वाळून तडकलं होतं. यजमान हे सगळं ऐकत होते. रविवारी दुपारी घाटावरून आले तेव्हा सायकलच्या मागे पंच्यात गुंडाळलेलं काही बांधलेलं. सोडून माझ्यासमोर टाकलं. हाताच्या तळव्याएवढे म्हशीच्या कातड्याचे चार तुकडे, जाड, कोरे.

"तबला करणाऱ्याकडून आणलं," ते म्हणाले. "पायातलं वापरू नका. कोरं असावं."

"तुम्ही आणलंत? हाताने?"

"मग काय पायाने आणू? पाणी काढ, आंघोळ करतो."

छत्तीस वर्षं जो माणूस चपलेला हात लागला तर हात धुतो, त्याने पोरीसाठी कातडं बांधून आणलं. मला त्या घटकेला त्यांचं इतकं कौतुक वाटलं, की पाणी ऊन करून दिलं. एरवी ते थंडच घेतात.

या सगळ्या दिवसांत ऋता माझ्याशी बोलत नव्हती. कॉलेजहून आली की गोठ्यात उभी राहायची. रायफल नाही तर नाही, रायफलीच्या वजनाची लोखंडी पहार खांद्याला लावून अर्धा अर्धा तास निशाणाकडे बघायची. दंड थरथरायचे, घाम हनुवटीवरून गळायचा, पण पहार खाली येत नसे. आम्ही शेजारी ठोकाठोकी करायचो. ती बघायची नाही. निदान मला तसं वाटायचं.

सोमवारी मी कातड्याची चकती कापली आणि मऊ पडावी म्हणून उकळत्या पाण्यात टाकली. दोन मिनिटांत ती आक्रसली, वळली, कडक झाली. चिमट्याने उचलली तर हातात काळी सुकलेली सुपारी. भावजी डोक्याला हात लावून बसले.

पहारीमागून आवाज आला, "आई, चामडं उकळतात का? भजी आहे का ती?"

मी वळून बघितलं. पहार तशीच खांद्याला, पण ओठांचे कोपरे हलत होते.

"मग काय करतात?" मी विचारलं.

"कोमट पाण्यात. फोनवर बघितलं मी. रातभर भिजवतात, साच्यात दाबतात, मग एक दिन सुकवतात."

"हे तू आता सांगतेस?"

"तू विचारलंस कुठे?"

तिचं बरोबर होतं. मी विचारत नाही, करून मोकळी होते. तोच तर माझा दोष. पण तिने बोलायला सुरुवात केली, तेव्हा दोषाचं काय घेऊन बसायचं?

भावजींनी पाइपच्या तुकड्याचा साचा केला. चकती कोमट पाण्यात भिजवली, साच्यात बसवली, वरून लाकडी गोळा ठेवून शिकंज्यात आवळली. बुधवारी सकाळी निघाली ती वाटी एवढी सुबक, की मी ती तळहातावर घेऊन यजमानांना, शेजारच्या अहिरणीला आणि कस्तुरीला दाखवून आले. कडा मी स्वतः पात्याने तासल्या. एक केसभर जास्त तासली असती तर गेली असती. नळीत घालून अंगठ्याने दाबली, तर हवेने अंगठा परत लोटला.

"पडली चकली," भावजी म्हणाले.

स्प्रिंग त्यांनी केली. चार वेढे कापले. कापलेलं टोक टोकदार राहतं, ते आतून खरवडेल, म्हणून शेगडीवर लाल करून ठोकून सपाट केलं, मग कानशीने घासलं. पहिल्यांदा जास्त लाल झाली आणि टोक मऊ पडलं, तेवढं कापून टाकावं लागलं. दुसऱ्यांदा जमलं. दोन बोटं भाजली, त्यावर त्यांनी कोरफड लावली, कारण मी तूप पुढे केलं तर ते ओरडले, "तुपाचं नाव काढू नका!"

गुरुवारी जोडणी. नवी स्प्रिंग भलती ताठ. भावजी एकटे दाबतात तर खीळ बसवायला हात उरत नाही, आणि मी दाबते तर माझा जोर पुरत नाही. शेवटी रायफल तोंडाकडून खाली घोंगडीवर उभी केली, वर बुचावर लाकडी ठोकळा ठेवला, त्यावर आडवी फळी. फळीचं एक टोक खिडकीच्या गजाखाली अडकवलं, दुसऱ्या टोकावर वजन हवं होतं. आम्ही दोघांनी एकदमच यजमानांकडे बघितलं. ते पंच्याऐंशी किलो आहेत.

"मी?" ते म्हणाले.

"तुम्ही. हळूहळू बसा. आणि हलायचं नाही."

ते फळीवर बसले. स्प्रिंग कुरकुरत खाली गेली. भावजींनी खिळीचं टोक भोकाशी धरलं. "थोडं अजून. अजून. भाऊ, श्वास घेऊ नका." यजमान डोळे मिटून ओठांत काहीतरी पुटपुटत होते. ऋताने फळीची कड धरली होती. मी खिळीवर हातोडी धरली होती. "आता," भावजी म्हणाले, आणि मी एकच ठोका दिला. खीळ बसली.

यजमानांनी विचारलं, "उठू?" सगळे खिळीकडे बघत होते. मग ऋता म्हणाली, "उठा, बाबा."

शुक्रवारी पहिले वीस छर्रे भिंतभर गेले. एक वर, एक खाली, एक पोत्याच्याही बाहेर. ऋताचा चेहरा पडला. भावजी म्हणाले, "कातडं बसू दे. नवी चप्पल चावतेच." पन्नास झाले, साठ झाले. छर्रे जवळ जवळ येऊ लागले. शनिवारी दुपारी पाच छर्रे एका भोकात गेले, आणि ते भोक बटणाएवढं होतं. कस्तुरीने त्या दिवशी भांडं भरून दूध दिलं.

रविवारी मी आणि ऋता दोघीच गेलो. भावजींची पाळी होती आणि यजमानांना महालयाचं राहिलेलं एक श्राद्ध. रेंजच्या मागच्या बाजूला पालकांच्या खुर्च्या. बोलायचं नाही, फोन बंद. पुढे दहा मुली, कडक जाकिटं घातलेल्या. मी ऋताच्या पाठीकडे बघत बसले. साठ छर्रे मारायचे असतात. चाळिसाव्याला ती थबकली, रायफल खाली ठेवली. दस्त्याचा स्क्रू ढिला झाला होता. तिने हात वर केला, परवानगी घेतली. एका मुलीने खुणेने आपली जादा रायफल घेतेस का असं विचारलं. मी असते तर घेतली असती. ऋताने मान हलवली, ओढणीचा एक दोरा ओढला, स्क्रूच्या आट्यांवर गुंडाळला, पुन्हा आवळला आणि उभी राहिली. ढिल्या स्क्रूला भावजी असाच दोरा गुंडाळतात, तेव्हा हे ती कुठे शिकली ते मला कळलं. गोठ्यात आमच्याकडे न बघता ती सगळं बघत होती.

निकाल झाला. पाचशे एकाहत्तर, चौथी. पाचवीला पाचशे एकोणसत्तर. मी खुर्चीतच देवाला हात जोडले. मॅडम वही घेऊन आल्या. पन्नाशीच्या, बारीक केस, आवाज करडा. नाव लिहायच्या आधी त्यांनी ऋताची रायफल उचलली, उलटी केली. स्क्रूच्या खाचा नव्याने चमकत होत्या. खिळीच्या डोक्यावर माझ्या हातोडीची खूण होती.

"ये खोली गई है," त्या म्हणाल्या. "घर पे?"

"जी."

"क्यों?"

ऋता सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाली, "मेरी गलती थी, मॅडम. मैंने तेल ज़्यादा डाल दिया था. स्प्रिंग टूट गई."

"तीन साल से एक ही बात बोलती हूँ. जो अपनी राइफल नहीं सँभाल सकती, वो टीम क्या सँभालेगी?" मॅडमनी पेन पाचव्या नावावर नेलं. ऋताने मान खाली घातली.

खरं बोलली असती तर सुटली असती. 'आईने घातलं' एवढंच म्हणायचं होतं. पण मागे पंधरा-वीस आईबाप बसले होते आणि त्यांच्यापुढे मला कुणी हसावं हे तिला नको होतं. त्यासाठी पोर आपली जागा सोडून द्यायला निघाली होती. दहा दिवस मी समजत होते की ती माझ्यावर रागावलीय. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी मला तिचा भयंकर राग आला. माझ्या पापाचं प्रायश्चित्त दुसऱ्याने घ्यायचं नाही, पोटच्या पोरीने तर नाहीच.

मी उभी राहिले. "मॅडम, झूठ बोल रही है ये."

सगळ्या माना वळल्या. ऋता कुजबुजली, "आई, बस ना."

"तेल-वेल कुछ नहीं डाला इसने. घी मैंने डाला था. नवमी की पूजा में. दूध, शहद, शक्कर ऊपर से और घी नली में. इसको बताया भी नहीं."

खुर्च्यांमधून हसू फुटलं. एक बाई तर पदर तोंडाला लावून वाकली. मी त्यांना हसू दिलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"कितना घी?"

"दो चम्मच."

"और खोली किसने?"

"मेरे देवर ने. रेल में फिटर हैं. इसके पिताजी पटरे पर बैठे थे, हथौड़ी मैंने मारी. इसने खाली चलाई."

"वायसर?"

"बनाया. घर में."

मॅडमनी दांडी ओढली. कान लावून ऐकलं. पुन्हा ओढली. निशाणाचे कागद मागवले आणि एकेक करून बघितले. मग पेन वर नेलं.

"नियम शूटर के लिए है," त्या म्हणाल्या. "माँओं के लिए मैंने कोई नियम नहीं बनाया था. अब बनाना पड़ेगा." आणि त्यांनी लिहिलं.

बाहेर आलो तर ऊन रखरखीत होतं. ऋता रायफलीची पेटी पाठीला लावून माझ्यापुढे तरातरा चालत होती. फाटकाशी थांबली. डोळे लाल.

"सबके सामने बोलायची काय गरज होती, आई? सगळे हसत होते. आता वर्षभर हसतील."

"हसू देत," मी म्हटलं. "यादीत नाव कुणाचं आहे?"

तिने पेटीचा पट्टा खांद्यावर नीट केला.

"माझं," ती म्हणाली.